बी-ओळीतल्या नऊ बादल्या

लीवार्डन, १४ जानेवारी २०१९

प्रिय आफ्केताई,

एरवी मी तुम्हाला वर्षातून दोनदा लिहिते, ईस्टरला आणि तुमच्या वाढदिवसाला. हे पत्र माझ्या गरजेपोटी आहे. प्रयोगशाळेच्या मेलवर हे लिहायची हिंमत होत नाही. कोण काय वाचतं, कुणाला ठाऊक? तुमच्या बेटावर टपाल तीन दिवसांनी पोचतं ते आज बरंच वाटतंय.

तुम्ही निवृत्त झालात तेव्हा आपल्याकडे एकच रंग होता, इबा. मेंदूतली पहारेकरी पेशी असली की ती तपकिरी दिसायची. पण ती पेशी मूळची मेंदूतलीच की रक्तातून आत शिरलेली, हे इबा सांगायचा नाही. आता ते सांगणारा रंग आला आहे. टीमेम-११९ नावाचं एक प्रथिन जन्मभर मेंदूतच राहिलेल्या पहारेकऱ्यांच्या अंगावर असतं, बाहेरून आलेल्यांच्या नसतं. आम्ही त्याला नुसतं एकशेएकोणीस म्हणतो. दोन्ही रंग लागले तर पेशी घरची. नुसता इबा लागला तर बाहेरची.

गेलं वर्षभर हेच काम चाललंय. तळघरातल्या जुन्या साठ्यातले मल्टिपल स्क्लेरोसिसच्या नऊ रोग्यांचे मेंदू आणि नऊ निरोगी मेंदू. तुमच्या यजमानांचा, सित्सेंचाच आजार, म्हणून तुम्हाला सांगताना मन कचरतं. रंग लावतो तो नवा संशोधक, तावेत लेपिक, एस्टोनियाचा. मोजते मी. नावं-आकडे पट्टीनं झाकलेले असतात, तुम्ही शिकवलंत तसे.

मोजणी झाली आणि पट्ट्या काढल्या. निरोगी मेंदूंत दहातल्या नऊ पेशी घरच्या. रोग्यांच्या मेंदूंत दहातल्या सात बाहेरच्या. नऊच्या नऊ रोग्यांत तेच. प्राध्यापक ड्रेंट खुर्चीतून उठले आणि त्यांनी सगळ्यांना स्वतः कॉफी आणून दिली. वीस वर्षांत पहिल्यांदा.

आणि माझ्या डोक्यात तुमचं वाक्य, की इतकं स्वच्छ उत्तर मेंदू कधी देत नाही.

हा तावेत सकाळी सहाला येतो, दार लावून घेतो, आम्ही पोचेपर्यंत रंग देऊन मोकळा. वहीवर कोपर ठेवून लिहितो. संडासात आपण सगळ्यांचे वाढदिवस लिहायचं कॅलेंडर टांगतो ना, त्यावर सगळ्यांची नावं आहेत, त्याचं नाही. वाढदिवस लपवणारा माणूस आणखी काय लपवत असेल? रोग्यांच्या स्लाइड्सना त्यानं रंग पातळ लावला असेल तर कुणाला कळणार?

लेखावर माझंही नाव आहे. फेब्रुवारी संपायच्या आत सही हवी आहे. मी काय करू?

तुमची,
रिन्स्के


नेस, आमेलांड, २० जानेवारी

प्रिय रिन्स्के,

तुझं पत्र शुक्रवारीच यायचं, पण बोट चिखलात रुतली. ओहोटीला पाच तास प्रवासी, टपाल आणि एक नवरदेव तिथेच. शेजारीण म्हणाली, नवरीला विचार करायला वेळ मिळाला. ती गेली पाच वर्षं हाच विनोद करते, फक्त माणसं बदलते.

मी बरी आहे. गुडघा सोडून.

तू विचारलंस म्हणून सांगते. डोळे उघडे ठेव. पूर्वेकडून आलेली ही पोरं कष्टाळू असतात, नाही म्हणत नाही मी. पण त्यांना दोन-तीन वर्षांत काहीतरी मोठं करून दाखवायचं असतं, नाहीतर परत जावं लागतं. घाई माणसाकडून काय काय करवून घेते. रंग पातळ करणं तर अगदी सोपं. पिपेटचा अंगठा जरा आधी सोडला की झालं.

कोपर ठेवून लिहिणारा माणूस मलाही आवडत नाही. आपल्या वेळी वही टेबलावर उघडी असायची. कुणीही वाचावी.

एक विचारायचं होतं. ते नऊ कुठल्या ओळीतले? आणि बाहेरच्या म्हणजे खरंच रक्तातून शिरलेल्या? दहातल्या सात? ते नक्की आहे का, की मोजण्यात इकडेतिकडे होऊ शकतं?

सहज विचारलं. म्हाताऱ्या माणसाला बेटावर दुसरा उद्योग नसतो.

आफ्के


लीवार्डन, ३ फेब्रुवारी

प्रिय आफ्केताई,

ओळ बी. बी-३१ ते बी-३९. तुमच्याच हातचे ठोकळे. मेणात इतके नीट बसवलेले की कापताना माझी पाती सुरेख चालली. मोजणीत चूक नाही. मी तीनदा मोजलंय.

तुमच्या सांगण्यावरून मी लक्ष ठेवलं. ऐका.

गेल्या मंगळवारी मीही सहाला गेले. दार ठोठावलं. बराच वेळ काही नाही, मग त्यानं फटीएवढं उघडलं. आत वाफेचा वास. स्लाइड्स रंगवण्याआधी आपण उकळत्या द्रावणात वीस मिनिटं ठेवतो ना, ते भांडं चालू होतं.

म्हटलं, "इतक्या लवकर?"

"मला झोप येत नाही," म्हणाला.

"मग घरी पुस्तक वाच."

"पुस्तकानं झोप येते. मला झोप नको, उत्तर हवंय."

"उत्तर तर मिळालंय. ड्रेंटसाहेबांनी कॉफीसुद्धा पाजली."

तो हसला नाही. म्हणाला, "तुला ते उत्तर पटलं?"

मी म्हटलं, "रंग तू लावलास. तुला पटलं नाही का?" यावर त्यानं दार लावून घेतलं. तोंडावर, ताई.

दुसऱ्या दिवशी स्लाइड्सची एक पेटी जाग्यावर नव्हती. संध्याकाळी ती त्याच्या पिशवीत दिसली. वरून मफलर टाकलेला.

आणि परवा तो माझ्याकडे येऊन काय मागतो? तळघराचं जुनं रजिस्टर. २०१२चं. कशाला हवंय विचारलं, तर "बघायचंय". मी म्हटलं, ते बांधायला दिलंय. थाप मारली. संध्याकाळी ते माझ्या पिशवीत घालून घरी आणलं. आता ते माझ्या इस्त्रीच्या कपड्यांखाली आहे. जुन्या नोंदींत खाडाखोड करून स्वतःचं झाकायचा त्याचा बेत असेल, तर चालायचं नाही.

अजून एक. त्या नऊही मेंदूंच्या स्लाइड्सवर रक्तवाहिन्यांच्या आसपास बारीक काळपट कण आहेत. मिरपूड भुरभुरल्यासारखे. निरोगी मेंदूंत एकही नाही. आधी वाटलं, यानंच धुण्यात आळस केला. पण रंग न दिलेल्या कोऱ्या स्लाइडवरही ते आहेत. तुम्ही असं कधी पाहिलंय का?

तुमची,
रिन्स्के


नेस, ९ फेब्रुवारी

प्रिय रिन्स्के,

रजिस्टर घरी नेलंस ते उत्तम केलंस. त्याच्या हाती देऊ नकोस. कुणाच्याच देऊ नकोस. जुन्या नोंदी बाहेरच्या माणसाला कळत नाहीत, भलते अर्थ काढतात.

पेटी पिशवीत घालून नेणं म्हणजे कमाल झाली. ती कुणाच्या मेंदूची स्लाइड असते, रिन्स्के. कुणाचा नवरा, कुणाची आई. मफलरखाली घालून बसमधून न्यायची गोष्ट आहे का ती?

संशोधनातल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या समितीकडे तक्रारीचा अर्ज कर. सही करू नकोस आणि गप्पही बसू नकोस. अर्ज केला की तो मुलगा जाईल, लेख काही महिने थांबेल, मग दुसरा कुणी शांतपणे पुन्हा रंग देईल, आणि उत्तर खरं असेल तर तेच येईल. ते खोटं असेल असं मला वाटत नाही. फक्त माणूस बरोबर नाही.

इथे राजहंसांपेक्षा काळी बदकंच जास्त उतरली आहेत. दिवसभर कुंपणाशी कलकलाट. सित्सेची खुर्ची मी अजून खिडकीपाशीच ठेवली आहे. काल तिचं एक चाक निखळलं. दुरुस्त करणारा म्हणाला, "बाई, यात कोण बसतं?" म्हटलं, "मांजर." माझ्याकडे मांजर नाही.

आफ्के


लीवार्डन, २६ फेब्रुवारी

प्रिय आफ्केताई,

अर्ज दिला. एक पान, तारखा आणि वेळा घालून, शेरेबाजी न करता.

काल समितीनं त्याला बोलावलं. अर्जदार म्हणून मीही होते. त्यानं काहीच नाकारलं नाही. पेटी नेली का? नेली. सहाला दार लावून काम केलं का? केलं. कशासाठी? म्हणाला, "पुन्हा रंग देऊन बघत होतो." कुणाला सांगितलं का? "नाही." का नाही? यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "कोणावर विश्वास ठेवावा ते कळत नव्हतं."

ड्रेंटसाहेब म्हणाले, "वर्षभर माझ्या टेबलावर जेवतोस आणि विश्वास नाही?"

"टेबल चांगलं आहे," तो म्हणाला. कुणी हसलं नाही.

त्याला घरी बसवलं आहे. २१ मार्चला निकाल. विरुद्ध लागला तर प्रबंध रद्द, वर्षभराची मेहनत पाण्यात, आणि परत तालिनला. त्याची बायको इथल्या शाळेत नुकतीच लागली आहे म्हणे. हे मला आधी माहीत नव्हतं.

जाताना त्यानं किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाला, "रजिस्टर तुझ्याकडेच आहे ना?"

मी किल्ली खणात टाकली.

"असू दे. पण नुसतं जपून ठेवू नकोस. वाच."

तुम्ही सांगितलंत तसंच सगळं केलं. मग मला बरं का वाटत नाही?

रिन्स्के


लीवार्डन, १० मार्च

आफ्केताई,

दोन आठवडे तुमचं पत्र नाही. बोट रोज चालू आहे, मी चौकशी केली.

मी रजिस्टर वाचलं.

बी-ओळ. ऑक्टोबर २०१२ पासून एकेक मेंदू, एकेक बादली आलेली. शेवटची बी-३९, २८ नोव्हेंबरला. मग तुमचा नियम, ओळ भरली की शेवटच्या बादलीला टिकवणाऱ्या द्रावणात, फॉर्मॅलिनमध्ये, चार आठवडे होऊ द्यायचे आणि त्या बुधवारी एकाच हातानं सगळी ओळ कापायची. तुमच्या सुंदर अक्षरात पुढे लिहिलंय, "कापले: बुधवार, २६ डिसेंबर २०१२. आ." नऊ वेळा.

वार बरोबर आहे. चार आठवडेही बरोबर. पण ताई, २६ डिसेंबर म्हणजे नाताळाचा दुसरा दिवस, सुट्टीचा. त्या दिवशी आपल्या इमारतीत हीटिंगसुद्धा बंद असतं. आणि त्या दिवशी तुम्ही माझ्या घरी होतात. सित्से गेल्यावरचा पहिला नाताळ म्हणून मी तुम्हाला आग्रहानं आणलं होतं. तुम्ही सूप ढवळत बसलात आणि एकही चमचा तोंडात घातला नाहीत. माझ्या आईनं नंतर विचारलं होतं, "त्या बाईला माझं सूप आवडलं नाही का?"

मग नऊ मेंदू कोणी कापले? केव्हा?

त्या काळ्या कणांबद्दल मी विचारलं होतं. तुम्ही बाकी सगळ्याला उत्तर दिलंत, बदकांबद्दलसुद्धा लिहिलंत. त्याला नाही. काल मी जुन्या पुस्तकात शोधलं. ऊतक फॉर्मॅलिनमध्ये फार काळ पडून राहिलं की रक्ताशेजारी तसे कण बसतात. फार काळ म्हणजे चार आठवडे नव्हे.

तारीख लिहिताना चूक झाली, एवढं म्हणा. मी मानेन. निकाल २१ला आहे.

रिन्स्के


नेस, बुधवार, १३ मार्च

रिन्स्के,

चूक झाली नाही. तारीख मी हिशोब करून लिहिली. २८ नोव्हेंबरमध्ये चार आठवडे मिळवले आणि आला तो दिवस लिहिला. नाताळ आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. त्या वर्षी मला नाताळ नव्हताच.

आता सरळ सांगते. हे पत्र तू समितीला दे. मूळ प्रत दे, अक्षर माझं आहे हे त्यांना कळू दे.

सित्सेनं मेंदू दिला होता. दहनाला तू आली होतीस, पण त्याआधी मेंदू काढायला न्यायची आपली गाडी येऊन गेली होती. हे मी कुणाला सांगितलं नाही. नियमानं सांगायला हवं होतं, मग त्या ओळीला माझा हात लागू दिला नसता. पण परक्या हाती द्यायचा माझा जीव होईना. मला वाटलं, तीस वर्षं मी दुसऱ्यांची माणसं जपून हाताळली, माझंही मीच हाताळीन.

बादलीवर नाव नसतं. पण पोचल्याची वेळ असते, आणि ती गाडी माझ्या दारातून किती वाजता निघाली ते मला ठाऊक होतं. तुला ते काम मी शिकवलंय. मेंदू तळाशी टेकून चपटा होऊ नये म्हणून खालच्या रक्तवाहिनीतून दोरा ओवायचा आणि तो उलटा टांगून ठेवायचा. ती गाठ मी बांधली. पहिल्याच वेळी नीट बसली. मी स्वतःलाच शाबासकी दिली.

मग कापायचा बुधवार आला. म्हणजे दोन जानेवारी, नाताळाच्या पुढचा. मी तळघरात गेले, सुरी काढली, पहिली बादली उघडली, आणि झाकण पुन्हा लावलं. पुढच्या बुधवारी तेच. फक्त त्याची एक बादली मागे ठेवली असती तर कुणीतरी विचारलं असतं, हीच का? म्हणून मी नऊही मागे ठेवल्या. तळघराची किल्ली माझ्याकडे. त्या ठोकळ्यांची तेव्हा कुणाला निकड नव्हती. निरोगी ओळ मी वेळच्या वेळी कापली, त्यांच्यात माझं कुणी नव्हतं.

दर बुधवारी मी खाली जायचे, त्या शेल्फापाशी बसायचे आणि वर यायचे. चौदा महिने. फेब्रुवारी २०१४ मध्ये निवृत्तीला तीन आठवडे उरले तेव्हा दोन दिवसांत नऊही कापले. बाकी आठ घरांची माणसं मी त्याच्यासाठी ताटकळत ठेवली होती.

तू जानेवारीत नव्या रंगाबद्दल लिहिलंस तेव्हा मला लगेच कळलं. इबा चिवट रंग आहे, कशालाही लागतो. पण फॉर्मॅलिन इतका काळ मुरलं की नाजूक खुणा त्याखाली दबून जातात. पेशी तिथेच असते, खूणही असते, रंग तिच्यापर्यंत पोचत नाही. हे मला पहिल्या पत्रातच कळलं होतं. तरी तुला त्या मुलावर सोडलं. रंग पातळ करण्याची युक्तीसुद्धा मीच सुचवली.

स्वतःची अब्रू वाचवायची होती, ते तर आहेच. पण तेवढंच असतं तर मी कदाचित लवकर बोलले असते.

शेवटच्या वर्षी सित्से मला ओळखेनासा झाला होता. सगळ्यांना नाही, मला. नर्सला नावानं हाक मारायचा. मी खोलीत आले की चमचा उशीखाली लपवायचा आणि तिला म्हणायचा, "ही बाई पुन्हा आली. हिला घरात कोण घेतं?" डॉक्टर म्हणाले, आजारात होतं असं. मी ते कधी कुणाला सांगितलं नाही. आणि मग तुझं पत्र आलं, की दहातल्या सात पेशी बाहेरच्या होत्या. परकं कुणीतरी त्याच्या डोक्यात शिरलं होतं. मला इतकं हलकं वाटलं, रिन्स्के. म्हणजे मला घराबाहेर काढणारा तो नव्हता. उत्तर खोटं आहे हे मला ठाऊक होतं. माझ्याच हातानं ते खोटं झालं होतं. तरी ते मला हवं होतं. म्हणून मी विचारलं, नक्की आहे का? तू म्हणालीस, तीनदा मोजलंय. मी ते पत्र उशाशी ठेवलं.

त्या मुलाला सांग. काय सांगायचं ते मला कळत नाही, पण सांग.

आफ्के


लीवार्डन, १७ मार्च

आफ्केताई,

पत्र समितीला दिलं. मूळ प्रत. शेवटून दुसरा परिच्छेद त्यांनी वाचू नये असं मला वाटत होतं, पण पान फाडलं नाही. आपण बरंच झाकलंय, आता पुरे.

माझा अर्जही मागे घेतला. मागे घेतल्यानं ती वाक्यं नाहीशी होत नाहीत. ती माझी आहेत, तुम्ही फक्त वाट दाखवलीत. तो कोपर ठेवून लिहितो, तो वाढदिवस सांगत नाही, तो कुठून आलाय. हे तर मी तुम्हाला विचारायच्या आधीच जमवून ठेवलं होतं.

तुमच्यावर मी रागावले आहे. सध्या लिहू नका.

रिन्स्के


लीवार्डन, १२ एप्रिल

प्रिय आफ्केताई,

राग गेलेला नाही. पण पत्रपेटी रिकामी बघून रोज घरात येते, तेही बरं वाटत नाही.

तावेत परत आला. निकाल त्याच्या बाजूनं लागला. लेख ड्रेंटसाहेबांनी मागे घेतला, आणि आठवडाभर कुणालाच कॉफी मिळाली नाही. तुमच्याबद्दल समिती स्वतंत्र पत्र पाठवेल. त्यात काय असेल मला माहीत नाही आणि मी तुमच्या बाजूनं बोलले नाही. विरुद्धही नाही.

पहिल्या दिवशी मी त्याच्या टेबलापाशी गेले. काय बोलायचं ते रात्रभर पाठ केलं होतं, ऐनवेळी एकही वाक्य आठवेना. म्हटलं, "मी तुला विचारायला हवं होतं."

"मीही तुला विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "मला वाटत होतं, ते मेंदू कधी कापले याची नोंद तूच खोटी लिहिली असणार. जुन्या साठ्याची जबाबदारी तुझी ना. म्हणून वही झाकायचो. तुझ्यापासून."

"माझ्यापासून?"

"तू रोज माझ्यावर पाळत ठेवायचीस. चोर असल्याशिवाय कोण इतकी पाळत ठेवतं?"

मला हसू आलं आणि रडूही. त्याला काळ्या कणांवरूनच संशय आला होता. तो पहाटे उकळण्याची वेळ वाढवून बघत होता. वीस मिनिटांऐवजी चाळीस, मग साठ. उष्णतेनं दबलेली खूण पुन्हा वर येते. पेटी त्यानं बायकोच्या शाळेत नेली होती, तिथल्या जुन्या मायक्रोस्कोपवर आमच्या नजरेआड बघायला.

मग आम्ही दोघांनी मिळून केलं. दार उघडं ठेवून. साठ मिनिटं उकळलं, नव्यानं रंग दिला. आकड्यांवर पट्ट्या लावलेल्या होत्या. पट्ट्या लावण्याआधी मला रजिस्टर लागलं, ओळीतला क्रम बघायला. बादली कधी आली तो रकाना मी तळहातानं झाकून ठेवला. सित्से कुठल्या दिवशी गेले ते मला आठवतं, आणि तो हात काढला असता तर मला त्यांचा आकडा कळला असता. मला तो कळायला नको होता. नऊही सारखेच मोजायचे होते.

तुम्हाला उत्तर हवं असेल, म्हणून लिहिते. हवं नसेल तर पुढचं वाचू नका.

नऊही मेंदूंत खुणा वर आल्या. दहातल्या सात बाहेरच्या होत्या, त्या आता तीन उरल्या. बाकीच्या घरच्या आहेत. आणि त्या तीनही बाहेरच्या असतीलच असं नाही. तावेत म्हणतो, आजाराशी झुंजता झुंजता घरची पेशीही आपली खूण अंगावरून टाकून देते. तिथेच जन्मलेली, तिथेच राहिलेली, पण आता ओळख पटत नाही. त्यामुळे खूण नाही म्हणजे परकी, असं कुणीच लिहू नये. आम्हीही लिहिणार नाही.

सित्सेंनी चमचा का लपवला, ते यातून कळत नाही, ताई. कुठल्याच रंगानं कळणार नाही. मी तुम्हाला दुसरं काही सांगितलं तर ते पुन्हा खोटं होईल.

काल संडासातल्या कॅलेंडरवर नवं नाव दिसलं. ९ मे, तावेत. खाली बारीक अक्षरात: केक मी आणणार नाही, मला करता येत नाही. मी करणार आहे.

दोघांना एकदम बघता येणारा, दोन डोक्यांचा तो जुना मायक्रोस्कोप अजून आहे. समोर बसून तुम्ही मला पहिली पेशी दाखवलीत तो. येत्या बुधवारी दुपारी खोली मोकळी आहे. ड्रेंटसाहेबांची परवानगी घेतली आहे, तावेतचीही. बी-३१ ते बी-३९ मी ट्रेमध्ये ओळीनं लावून ठेवीन. तुम्ही हव्या तितक्या बघा, हवा तितका वेळ. एक जास्त वेळ बघितलीत तरी चालेल. मी समोरच्या खुर्चीत बसेन, पण माझ्या बाजूच्या नळीवर टोपण लावलेलं असेल.

होल्वर्डच्या धक्क्यावर मी थांबते. बोट रुतली तर पाच तास थांबेन.

रिन्स्के